कळसूबाईवर वारा सुटलाय? मुंबईहून निघताना या चुका टाळा

शनिवारी पहाटेच्या कसारा लोकलमध्ये ट्रेकवाले लगेच ओळखू येतात. मांडीवर सॅक, बुटांवर मागच्या ट्रेकचा वाळलेला चिखल आणि डोळे तारवटलेले. यातले निम्मे आदल्या रात्री नऊला ऑफिसातून घरी पोचून जेमतेम चार तास झोपलेले असतात. पहिली चूक ही. कळसूबाईची उंची 1646 मीटर, त्यातले नऊशेच्या आसपास मीटर बारी गावातून एका दमात चढायचे. अर्धवट झोपेत चढ निघतो एक वेळ, पण वाऱ्यात तोल सांभाळायला डोकं ताजं लागतं.

दुसरी चूक, हवामान मुंबईचं बघून निघणं. बोरिवलीत ऊन पडलंय याचा कळसूबाईशी काही संबंध नाही. अंदाज बघायचा तो अकोले किंवा इगतपुरीचा, आणि पावसाबरोबर वाऱ्याचा रकानाही वाचायचा. त्यात सरासरी वेग वेगळा आणि झोताचा वेग वेगळा दिलेला असतो. आपल्याला पाडतो तो झोत. ताशी 60 किलोमीटरच्या पुढे सपाटीवरसुद्धा समोरच्या वाऱ्यात चालणं जड जातं. माझा स्वतःचा नियम सोपा आहे: झोत 50 च्या वर दिसले की कळसूबाईसारखा लोखंडी शिड्यांचा डोंगर रद्द, त्या दिवशी पायथ्याला पिठलं-भाकरी खाऊन यायचं.

पोंचो आणि छत्री

यावर जरा जास्त बोलतो, कारण मी स्वतः यात फसलोय. ऑगस्ट महिना, माथ्याखालची शिडी, अंगावर गुडघ्यापर्यंतचा निळा पोंचो. निम्म्या शिडीवर झोत आला, मागचा घेर फुग्यासारखा फुगला आणि डोक्यावरून सरळ तोंडावर आला. दोन्ही हात कठड्याला, डोळ्यांसमोर नुसतं निळं, आणि उजवा पाय पुढची पायरी चाचपतोय. खालून कुणीतरी ओरडत होतं, पण एक अक्षर कळेना. कपाळ लोखंडाला टेकवून तसाच थांबलो. झोत ओसरल्यावर कापड दातांत धरून खाली ओढलं.

वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा जोर चौपट होतो. म्हणून खाली झाडीत मजेशीर वाटणारा पोंचो वर धारेवर शीड होतो. अंगाला बसणारं, कमरेशी दोरी ओढून घट्ट करता येणारं जर्किन घ्या. सॅकचं रेनकव्हरही पट्ट्यात अडकवून घ्या, नाहीतर ते थेट भंडारदऱ्याच्या दिशेने उडतं. छत्रीबद्दल काही सांगायलाच नको.

शिडीवर झोत आलाच तर चढायची घाई करू नका. अंग शिडीला चिकटवा, गुडघे किंचित वाकवा, थांबा. एका शिडीवर एका वेळी थोडीच माणसं. हाका ऐकू येत नाहीत, तेव्हा शिट्ट्यांच्या खुणा खालीच ठरवून ठेवा: एक म्हणजे थांबा, दोन म्हणजे या. मिनिटाला सहा शिट्ट्या म्हणजे संकट, ही खूण जगभर चालते.

घाम येत नाही म्हणजे दमलो नाही?

आपण मुंबईकर दमणं घामावर मोजतो. दादरचा पूल चढलो तरी शर्ट भिजतो. डिसेंबर-जानेवारीच्या कोरड्या वाऱ्यात मात्र घाम आल्याआल्या वाळतो, तहान लागत नाही, आणि दोन लिटरची बाटली भरलेलीच वर पोचते. मग उतरताना पोटऱ्यांत गोळे. तहानेची वाट न बघता दर वीस मिनिटांनी दोन-चार घोट घ्या, एका बाटलीत ओआरएस किंवा मीठ-साखर-लिंबू ठेवा. चिकी आणि खजूर सॅकच्या तळाशी नको, खिशात हवेत. वाऱ्यात सॅक उघडायचा कंटाळा येतोच. गोळा आलाच तर बसून पाय सरळ करा आणि पंजा हळूहळू स्वतःकडे ओढा. झटके देऊ नका.

पावसाळ्यात गोष्ट उलटी. उंची हजार मीटरने वाढली की तापमान साडेसहा अंशांच्या आसपास उतरतं. म्हणजे खाली 24 तर माथ्यावर साधारण 18. आकडा ऐकायला गुलाबी थंडीचा वाटतो, पण अंगात भिजलेला सुती टीशर्ट, जीन्स आणि वर वारा असेल तर दात वाजायला दहा मिनिटं पुरतात. माथ्यावर पोचल्यावर लोक आधी फोटो काढतात, मग डबे उघडतात, आणि कुडकुडायला लागल्यावर कोरडे कपडे शोधतात. क्रम उलटा करा. देवळाच्या आडोशाला गेल्यागेल्या आधी शर्ट बदला, वर जर्किन चढवा, मग काय ते सेल्फी.

गटातल्या कुणाला सॅकची चेन लावता येत नसेल, तो धडपडत असेल किंवा बोलताना जीभ जड झाली असेल, तर 'जरा दमलाय' म्हणून सोडू नका. ओले कपडे काढा, कोरडे घाला, शुद्धीत असेल तर गोड काहीतरी द्या, मध्ये घेऊन उतरा. तब्येत जास्त बिघडतेय असं वाटलं तर रेंज मिळेल तिथून 112 लावा.

परतीची वेळ

ही खालीच ठरवायची, माथ्याजवळ नाही. आम्ही दुपारचा एक धरतो. कुठेही असलो तरी मागे फिरायचं. उतार चढापेक्षा गुडघे जास्त खातो, आणि अंधारात ओल्या कातळावर वारा अंगावर घेत उतरणं नकोच. गेल्या वर्षी माथा वीस मिनिटांवर असताना एक वाजला आणि आम्ही वळलो. कसाऱ्याला लोकलमध्ये खिडकी मिळाली, कोरडे मोजे चढवले, कल्याण यायच्या आत सगळे झोपले होते. एक मित्र मात्र जागा होता. तो अजूनही त्या वीस मिनिटांचे टोमणे मारतो.