विंडोजमधून उबुंटूत आलं की वाय-फाय गायब?

म्हापशाला भाचीचा लॅपटॉप परवा असाच अडला. त्यावर विंडोज आणि उबुंटू (लिनक्सवरची ऑपरेटिंग सिस्टिम) दोन्ही आहेत. विंडोजमध्ये वाय-फाय ठणठणीत, उबुंटूत मात्र वाय-फाय कार्डाचा पत्ताच नाही. नवं कार्ड आणायला लगेच पणजीला धावू नका. विंडोज ८ पासून ‘फास्ट स्टार्टअप’ आलं. ते चालू असेल तर ‘शट डाउन’ करूनही विंडोज अर्धवट झोपतं, आणि कार्ड त्याच अवस्थेत अडकू शकतं. ‘रीस्टार्ट’ केलं की मात्र ते पूर्ण बंद होतं, म्हणून आधी विंडोजमधून ‘रीस्टार्ट’ करून उबुंटूत या. कार्ड दिसलं तर बहुतेक दुखणं हेच. मग कंट्रोल पॅनेल, पॉवर ऑप्शन्स, ‘चूज व्हॉट द पॉवर बटन्स डू’ इथे जाऊन ‘फास्ट स्टार्टअप’ची खूण काढा. चौकट फिकी दिसली तर वरची ‘चेंज सेटिंग्ज’वाली निळी ओळ दाबा, मग चौकट उघडते.