आयग्राफमध्ये जाळ्याला नव्या जोडण्या देताना या चुका टाळा

आर या प्रोग्रॅमिंग भाषेतील आयग्राफ या जाळ्यांच्या (नेटवर्कच्या) अभ्यासासाठीच्या पॅकेजमध्ये तयार जाळ्यात नवी जोडणी घालण्यासाठी ‘ॲड_एजेस’ हे फंक्शन वापरतात. चुकीच्या माहितीवर आर अडून बसले, तर चूक तिथल्या तिथे सापडते. जपायला हवे ते कोणताही इशारा न देता भलतेच जाळे तयार करणाऱ्या चुकांना. येथील उदाहरणे वेन झॅकरी यांनी १९७७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या, एका कराटे क्लबमधील सदस्यांच्या संबंधांच्या जाळ्यावर आहेत. आयग्राफसोबतच येणाऱ्या या जाळ्यात ३४ नोड (जाळ्यातील बिंदू, येथे सदस्य) आणि ७८ जोडण्या आहेत.

सर्वांत फसवी चूक जोडण्या मॅट्रिक्स म्हणून, म्हणजे ओळी-स्तंभांच्या तक्त्यात देताना होते. या फंक्शनला नोडची एक सलग यादी लागते आणि त्यातील पहिला-दुसरा, तिसरा-चौथा अशा जोड्या ते लावते. आर मात्र मॅट्रिक्स ओळींनुसार नव्हे, स्तंभांनुसार वाचते. त्यामुळे पहिल्या ओळीत ३ व २० आणि दुसऱ्या ओळीत ५ व २५ असलेले मॅट्रिक्स जसेच्या तसे दिले, तर यादी ३, ५, २०, २५ अशी होते आणि ३–२०, ५–२५ यांऐवजी ३–५, २०–२५ जोडले जातात. चारही नोड अस्तित्वात असल्याने त्रुटीचा संदेश येत नाही, आणि जोडण्यांची संख्याही अपेक्षेप्रमाणे ८० भरते. म्हणून निव्वळ मोजणीवर विसंबू नये. मॅट्रिक्सच्या ओळी व स्तंभ यांची आधी ‘टी’ फंक्शनने अदलाबदल करून घ्यावी आणि नंतर ‘ॲज_एजलिस्ट’ने मिळणाऱ्या जोडण्यांच्या यादीच्या शेवटच्या ओळी प्रत्यक्ष पाहाव्यात.

जोडणी आधीपासून आहे का, हेही फंक्शन तपासत नाही. या जाळ्यात १ व २ आधीच जोडलेले आहेत. तीच जोडणी पुन्हा दिली, तर नोड १ ची डिग्री, म्हणजे त्याच्या जोडण्यांची संख्या, १६ वरून १७ होते आणि सर्वाधिक डिग्री असलेल्या नोड ३४ ची तो विनाकारण बरोबरी करतो. दुहेरी जोडण्या आहेत का याची ‘एनी_मल्टिपल’ने खात्री करून मगच त्या काढणारे ‘सिम्प्लिफाय’ वापरावे, कारण ते दुहेरी जोडण्या एकत्र करताना ‘वेट’ची (जोडणीला दिलेल्या वजनाची) बेरीज करते आणि स्वतःलाच जोडलेल्या नोडच्या जोडण्याही काढून टाकते.

नोडची नावे १०१, १०२ अशी आकडी असतील, तर ती अवतरणचिन्हांत, म्हणजे मजकूर म्हणून द्यावीत. नुसता आकडा हा नोडचा अनुक्रमांक समजला जातो. अस्तित्वात नसलेल्या ३५ व्या नोडशी जोडणी करण्यापूर्वी ‘ॲड_व्हर्टिसेस’ने तो नोड घालावा लागतो. फंक्शन मूळ जाळे बदलत नाही, नवे परत करते, त्यामुळे उत्तर चलात साठवले नाही तर जोडणी हरवते.

जाळ्याला ‘वेट’ असेल, तर नव्या जोडणीलाही ते त्याच वेळी द्यावे. न दिल्यास तेथे ‘एनए’ (माहिती नसल्याची खूण) बसतो आणि लघुतम मार्ग काढण्याचे गणित बऱ्याच पुढच्या टप्प्यावर अडते, तेव्हा मूळ कारण शोधणे फार जड जाते. जोडण्या पुष्कळ असतील, तर त्या लूपमध्ये एकेक न घालता आधी एकत्र गोळा करून एकदाच द्याव्यात, कारण प्रत्येक वेळी संपूर्ण जाळ्याची मांडणी नव्याने होते.