दुबईचा व्हिसा खरा आहे का, घरबसल्या बघा

एजंट व्हॉट्सअ‍ॅपवर व्हिसाची पीडीएफ टाकतो आणि आपण लगेच तिकीट काढून मोकळे होतो, पण ती बनावट आहे हे एअरपोर्टच्या काउंटरवर कळलं तर पैसे गेले आणि ट्रिपही गेली. म्हणून तिकिटाच्या आधी एवढं करा, फुकट आहे.

१. पीडीएफवर एन्ट्री परमिट नंबर शोधा. २०१ ने सुरू असेल तर दुबईचा, १०१ अबुधाबी, ३०१ शारजा.
२. दुबईचा असेल तर जीडीआरएफए दुबईची (दुबईचं इमिग्रेशन खातं) साइट, बाकीच्यांसाठी आयसीपीची (यूएईचं, म्हणजे दुबई ज्या देशात आहे त्याचं, केंद्रीय खातं). तिथे फाइल व्हॅलिडिटी (व्हिसा वैध आहे का ते बघायचा पर्याय) उघडा. साइट स्वतः शोधून काढा, एजंटने पाठवलेली लिंक अजिबात नको.
३. आयसीपीवर पासपोर्ट नंबर, त्याची एक्सपायरी आणि नॅशनॅलिटी टाकली की झालं, दुबईच्या साइटवर मात्र परमिट नंबर, नाव, जन्मतारीख लागते. पीडीएफवर आहे तसंच भरा.

आणि हो, आई-आजीचा पासपोर्ट नीट बघा, आडनावाचा रकाना रिकामा आणि नाव नुसतं एक शब्द असेल तर नोव्हेंबर २०२२ पासून यूएई अशा पासपोर्टवर व्हिजिट व्हिसाने आत घेत नाही, त्यामुळे एजंटला पैसे द्यायच्या आधीच आडनाव घालून घ्या.