जुन्या गाडीवर खर्च करायचा की विकून टाकायची?

गॅरेजवाल्याने ४० हजारांचं एस्टिमेट दिलं की लगेच हो म्हणू नका, आधी आरसी (गाडीचं नोंदणी प्रमाणपत्र) बघा. १५ वर्षं भरत आली असतील तर आरटीओत फिटनेस, ग्रीन टॅक्स (जुन्या गाड्यांवरचा पर्यावरण कर), नोंदणीचं रिन्यूअल आलंच आणि तेही पुढच्या ५ वर्षांपुरतंच, म्हणजे तो खर्च पण यात धरायचा. क्लच, सस्पेन्शन, एसीचं काम असेल तर बिनधास्त करून घ्या. पण मॅट उचलून खालच्या पत्र्याला स्क्रूड्रायव्हर टोचून बघा, आरपार गेला तर पत्रा गंजून गेलाय, विषय संपला, विकून टाका (कोकणातली गाडी असेल तर हे आधी बघा). सायलेन्सरमधून निळा धूर येतोय म्हणजे इंजिन ऑइल जळतंय, तिथे दुसऱ्या मेकॅनिककडून कॉम्प्रेशन टेस्ट (इंजिनच्या सिलिंडरमध्ये दाब नीट बनतोय का ते बघतात) करूनच ठरवा. आणि आहे त्या कंडिशनमध्ये किती मिळतील तेही विचारून ठेवा, रिपेअर त्याच्या निम्म्यावर गेलं तर मी तरी विकेन.