बाराबोरच्या नळीवरचे ओरखडे : माझा अनुभव

आमच्या परवान्याच्या दुनळी बाराबोर बंदुकीवर कपाटातल्या खिळ्याने घासून बारीक ओरखडे उठले होते आणि निळसर काळ्या झिलईखालचे पांढरे पोलाद दिसू लागले होते. दुनळीच्या नळ्या आणि त्यांमधली पट्टी बहुधा डाक देऊन जोडलेली असते व गरम ब्लूइंगच्या (पोलादावर रसायनांनी अशी निळसर काळी झिलई चढवण्याच्या) उकळत्या कॉस्टिक क्षारांत तो डाक सुटू शकतो, म्हणून मी न उकळता नुसते लावायचे थंड ब्लूइंगचे द्रावण वापरले. बंदूक रिकामी असल्याची खात्री करून नळी वेगळी काढली, ओरखड्यांवर अगदी बारीक स्टील वूल हलकेच फिरवले आणि अ‍ॅसिटोनने तेलाचा अंशही राहू दिला नाही. खरे काम इथेच आहे, कारण बोटाचा नुसता ठसा उमटला तरी तेवढ्या जागी रंग धरत नाही. अ‍ॅसिटोन उडून गेल्यावर नळी ड्रायरने कोमट करून कापसाच्या बोळ्याने द्रावण लावताच पोलाद आधी करडे, मग काळपट होत गेले. ते धुऊन, पुसून पुन्हा लावले आणि शेवटी तेलाचा हात दिला. या द्रावणात सेलेनियमची विषारी संयुगे असतात, तेव्हा हातमोजे आणि उघडी खिडकी हवीच. तिरप्या उजेडात ती जागा अजून ओळखू येते, आणि हे ब्लूइंग मूळ झिलईइतके टिकत नाहीच; नळीवरील क्रमांकाच्या आसपास मात्र मी घासकाम मुळीच केले नाही.