रासायनिक समीकरण संतुलित करायला बसण्यापूर्वी

समीकरण जुळत नाही तेव्हा बहुतेक वेळा गणित चुकलेलं नसतं, सूत्र चुकलेलं असतं. म्हणून आधी संयुजांचा (अणू किंवा अणूंचा गट किती बंध जोडतो त्या आकड्यांचा) तक्ता जवळ घ्या आणि प्रत्येक रेणुसूत्र त्यावरून पडताळा. ॲल्युमिनिअमची संयुजा ३, सल्फेटची २. म्हणजे ॲल्युमिनिअम सल्फेटमध्ये ॲल्युमिनिअम २ आणि सल्फेट ३: Al₂(SO₄)₃. हायड्रोजन, नायट्रोजन, ऑक्सिजन, फ्लोरिन, क्लोरिन, ब्रोमिन, आयोडिन सुटे असतील तर दोन-दोन अणूंच्या जोडीनेच लिहायचे. सूत्रं पक्की झाली की ती पेनाने लिहा, सहगुणक, म्हणजे सूत्राच्या डावीकडे लिहायचा आकडा, मात्र पेन्सिलीने. मग सूत्राला हात लावायचा मोह होत नाही. पाण्यात ऑक्सिजन कमी पडतो म्हणून सूत्रातच २ घातला, तर हिशेब कदाचित जुळेल, पण ते पाणी राहणार नाही, हायड्रोजन पेरॉक्साइड होईल.

खाली तीन रकाने आखा: मूलद्रव्य, डावीकडचे अणू, उजवीकडचे अणू. कंसाबाहेरचा आकडा आतल्या प्रत्येक अणूला लागतो आणि सहगुणक अख्ख्या सूत्राला. ॲल्युमिनिअम सल्फेटपुढे २ आला की ॲल्युमिनिअम ४, गंधक ६, ऑक्सिजन २४. इथे ऑक्सिजन १२ वरच सोडला जातो, फार वेळा.

सुरुवात अशा मूलद्रव्यापासून करा जे दोन्ही बाजूंना एकेकाच सूत्रात आहे. सुटं मूलद्रव्य शेवटी. त्याचा सहगुणक बदलला तरी बाकी कुणाचा हिशेब हलत नाही. प्रोपेनच्या ज्वलनात कार्बन ३ म्हणून कार्बन डायऑक्साइडपुढे ३, हायड्रोजन ८ म्हणून पाण्यापुढे ४. उजवीकडे ऑक्सिजनचे अणू ६ अधिक ४, म्हणजे १०, म्हणून ऑक्सिजनपुढे ५. इथेनला हेच केलं तर ऑक्सिजनपुढे साडेतीन येतो. खोडू नका, सगळेच सहगुणक दुप्पट करा: इथेन २, ऑक्सिजन ७, कार्बन डायऑक्साइड ४, पाणी ६. या दुपटीत इथेनचा न लिहिलेला १ हमखास विसरतो.

सल्फेटसारखं मूलक (एकत्र राहणारा अणूंचा गट) दोन्हीकडे अखंड असेल तर ते एकच घटक म्हणून मोजा, काम निम्मं होतं. पण तांबं आणि संहत नायट्रिक आम्लाच्या अभिक्रियेत काही नायट्रेट फुटून नायट्रोजन डायऑक्साइड होतो. तिथे नायट्रोजन आणि ऑक्सिजन वेगवेगळेच मोजावे लागतात. तांबं १, आम्ल ४, कॉपर नायट्रेट १, नायट्रोजन डायऑक्साइड २, पाणी २: दोन्हीकडे नायट्रोजन ४, ऑक्सिजन १२.