प्राँगहॉर्नचं शिंग जोखायचं तर आधी कान बघा

अमेरिकेतल्या वायोमिंगच्या मोकळ्या माळावर शिकारीला गेलात की प्राँगहॉर्नचा, म्हणजे हरणासारख्या दिसणाऱ्या तिथल्या प्राण्याचा, प्रत्येक नर लांबून मोठाच वाटतो. काळी उभी शिंगं, आणि शेजारी अंदाज घ्यायला एक झाड नाही. पण मोजपट्टी त्याच्या डोक्यावरच असते: कान साधारण 6 इंचांचा धरा.

1. स्पॉटिंग स्कोप (लांबचं बघायची एकनळी दुर्बीण) ट्रायपॉडवर लावा आणि नर आडवा उभा राहीपर्यंत थांबा. शिंग कानाच्या दुपटीहून स्पष्ट वर गेलं पाहिजे. टोकाचं वळण वेगळं धरा, त्यात एखाद-दोन इंच सहज लपतात.

2. पुढचा फाटा कुठे फुटतो ते बघा. कानाच्या टोकाच्या वर असेल तर उत्तम. फाट्याखाली शिंग जाड असतं, आणि बून अँड क्रॉकेट या शिकारीच्या शिंगांची नोंद ठेवणाऱ्या अमेरिकन क्लबच्या मोजणीत लांबी व फाटा एकेकदाच धरतात, घेर मात्र प्रत्येक शिंगाचा चार ठिकाणी. म्हणून लांब पण काठीसारख्या शिंगाला भुलू नका. नवखे नेमके तिथेच फसतात.

3. बाजूने बघताना शिंगाचं बूड डोळ्यापेक्षा रुंद दिसतंय का? नसेल तर पुढचा कळप बघा.

हे सगळं सकाळीच उरका. उन्हं तापली की हवा थरथरते आणि शिंगं उगाच वाढतात.

एक सांभाळा: बऱ्याच माद्यांनाही आखूड शिंगं असतात. जबड्यामागचा काळा डाग नराचाच; तो दिसल्याशिवाय, आणि हातातला परवाना नराचा की मादीचा हे पाहिल्याशिवाय, नेम धरू नका.